शेवटचे पान नाही

डहाणू लोकलमध्ये तुम्हाला खिडकी मिळाली आहे, म्हणजे आजचा दिवस चांगला. हातातल्या मोबाइलवर एक चित्रकथा उघडी आहे. शेपटाला कल्ले असलेलं रॉकेट, डोक्यावर काचेची हंडी घातलेला अंतराळवीर, भिंतभर बटणं आणि दिवे. चित्रकाराने सगळं हौसेने जुनं केलंय. पानाला चहा सांडल्यासारखा पिवळेपणा दिलाय, रंगांचे ठिपके मोजता येतील एवढे मोठे ठेवलेत, ओठांचा लाल मुद्दाम रेषेबाहेर सरकवलाय. काम सुंदर आहे, मला मनापासून आवडतं. फक्त एकदा स्क्रीन नाकाजवळ धरून बघा.

वास नाही. तो घ्यायचा तर तुम्हाला थोडं मागे न्यावं लागेल.

पालघर गेलं, उमरोळी गेलं. उठा, बोईसर येतंय. दाराशी या, दांडा धरा. गाडी थांबली की उजवा पाय खाली टाका, पण टाकताना डोळे मिटा आणि मनात पाच आकडे मोजा. घाई करू नका, मधे बरीच वर्षं आहेत.

टेकला पाय? पाण्यात टेकला ना?

उघडा डोळे. आज ११ जुलै १९७९, बुधवार. तुमचे बूट गेले. पायात प्लॅस्टिकच्या चपला आहेत, एकीचा बंद तुटून सेफ्टी पिनेवर आलाय. गुडघ्यावर खपली आहे, ती खाजतेय. तुमचं वय दहा वर्षं. इथून पुढे मी तुम्हाला तू म्हणणार, कारण दहा वर्षांच्या पोराला अहोजाहो केलं तर फलाटावरचे लोक वळून बघतील.

मागे लोकल शोधू नकोस. विरारच्या पुढे अजून लोकल येतच नाही, तुला सोडून गेली ती शटल. तिच्यातून उतरलेली गर्दी आता तुझ्या डोक्यावरून चाललीय: ओल्या छत्र्या, दुधाच्या रिकाम्या किटल्या, तुझ्या कानाला घासून जाणारी ज्यूटची पोती. एका मावशीच्या टोपलीतला सुक्या बोंबलांचा वास एवढा दाट आहे की तो अंगावर रेलतो. पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या असतात, त्यामुळे आता बाजारात राज्य सुकटीचं. त्या वासाच्या खाली भज्यांचं तेल, चहावाल्याच्या शेगडीतला कोळशाचा धूर, ओलं कापड. आणि वारा फिरला की औद्योगिक वसाहतीकडून येणारा तो गोडसर, घशात टोचणारा वास. दोन श्वास घे, तिसऱ्याला तो जाणवेनासा होतो. इथल्या लोकांना तो जाणवतच नाही.

तुझा दंड कुणीतरी पकडला. मामा आहे.

"चल लवकर, एस.टी. सुटेल. आणि इकडे तिकडे बघायचं नाही."

आता इकडे तिकडे बघ. स्टेशनबाहेर, पत्र्याच्या शेडखाली, दोन खांबांमध्ये सुतळ्या बांधल्यात आणि त्यांवर कपडे वाळत घालावेत तशी कॉमिकं टांगली आहेत. पाऊस तिरका येतो तेव्हा मालक प्लॅस्टिकचा कागद ओढून घेतो, पाऊस सरळ झाला की गुंडाळून वर करतो. दिवसभर त्याचं हेच चालतं. खाली बाकावर चार मुलं खांद्याला खांदा लावून बसलीत. पाचवं मागे उभं राहून फुकट वाचतंय, आणि पुढचा पान उलटायला लागला की "थांब की!" म्हणून ओरडतंय.

इथे बसून वाचायचं तर पाच पैसे, घरी न्यायचं तर दहा, आणि उद्या सकाळी परत.

सुतळीवर नजर फिरव. ही 'इंद्रजाल कॉमिक्स'. मुंबईहून टाइम्स ऑफ इंडियावाले १९६४ पासून काढतायत. हा वेताळ, हा जादूगार मँड्रेक आणि त्याचा धिप्पाड लोथार, हा आबिद सुरतींचा आपल्याकडचा बहादूर. मुखपृष्ठं बी. गोविंद यांची, लांबूनच हाक मारणारी. बाजूला चांदोबा आहे, अमर चित्रकथा आहेत, पण त्या घरी विकत आणल्या जातात, त्यांच्यासाठी मोठी माणसं पैसे देतात. दहा पैसे खिशात घट्ट धरून ठेवायचे ते यांच्यासाठी.

एक गोष्ट इथेच बघायला मिळेल, नीट बघ. एकच अंक तीन भाषांमध्ये टांगलाय. मराठी, हिंदी, गुजराती. अणुवीज केंद्राच्या वसाहतीत कुणाच्या घरी तमिळ येतो, कुणाच्या घरी मल्याळम, कुणाकडे बंगाली. बाजारपेठेतली दुकानदारांची मुलं गुजराती नेतात. चित्रं तीच, फुगे तेच, फुग्यांतली अक्षरं वेगळी. म्हणून शाळेत गोष्ट सांगताना कुणी भाषेत अडकत नाही. "तो रॉकेटमधून उडी मारतो ते पान" एवढं म्हटलं की सगळ्यांच्या डोळ्यांसमोर ते पान येतं.

तुझा हात आपोआप वर गेलाय. फ्लॅश गॉर्डन. मराठी. मालक तो सुतळीवरून काढतो आणि मुखपृष्ठाच्या कोपऱ्यावर बोट ठेवतो. तिथे निळ्या बॉलपेनने लिहिलंय: शेवटचे पान नाही.

"आधीच सांगतो. मग उद्या भांडायचं नाही."

दहा पैशांचं नाणं दे त्याला. कडा नागमोडी आहेत त्याच्या, बोटांना कळतील. कॉमिक सदऱ्याच्या आत, पोटाला लाव. गार लागतं. थोड्या वेळाने पोटाच्या उबेने गरम होईल.

एस.टी.त बसायला जागा नाही. तुझं तोंड कुणाच्या तरी ओल्या पाठीत आहे आणि कंडक्टरचा चिमटा कानाशी टिक-टिक करतोय. खिडकीच्या फटीतून पास्थळजवळ वसाहतीची एका ओळीतली घरं जातात, पाळीच्या कामगारांना नेणारी बस जाते, मग भातखाचरं. आवणी चाललीय. इरली घेतलेली माणसं कमरेत वाकून मागे मागे सरकतायत, पायाखाली आभाळ पसरलेलं. रस्त्याकडेला वारली बायका केळीच्या पानावर कंटोली आणि वास्ते, म्हणजे बांबूचे कोवळे कोंब, मांडून बसल्यात.

पण बसमध्ये आज बोलणं एकच. स्कायलॅब.

वरून पडणार आहे. अमेरिकेची आहे. प्रयोगशाळा आहे, माणसं राहून गेलीत तिच्यात, आता रिकामी आहे आणि खाली येतेय. आज, नाही तर उद्या.

"सत्त्याहत्तर टन," पुढच्या सीटवरचे गुरुजी सांगतात.

"म्हणजे किती हो?"

"ही एस.टी. भरलेली दहा टन धरा. अशा सात-आठ गाड्या."

सगळ्यांची नजर एकदम टपाकडे जाते. टपाला एक गळकी जागा आहे, तिथून थेंब पडतोय, टप्प, टप्प. कोण सांगतं, कुणीतरी सगळ्या कोंबड्या कापून खाल्ल्या. कोण सांगतं, पाहुण्यांनी उसने पैसे परत मागायचं सोडलं. एक मावशी विचारते, "आपल्या अ‍ॅटॉमिकवर पडली तर?" त्यावर कुणीच काही बोलत नाही. चिमट्याची टिक-टिकसुद्धा थांबते. गुरुजी घसा साफ करतात आणि पृथ्वीवर पाणीच जास्त आहे, हे सगळ्यांना समजावू लागतात. मला अशी माणसं फार मोलाची वाटतात. भीतीच्या वेळी भूगोल सांगणारी.

चिंचणीला उतर. मामा घराकडे वळला की तू समुद्राकडे पळ. परवा पौर्णिमा झाली, उधाणाचे दिवस आहेत. लाट किनाऱ्यावर आपटते तेव्हा तळपाय हलतात. पाणी मातकट, फेस तपकिरी, वारा खारट आणि इतका जोराचा की तोंड उघडलं तर गाल फुगतात. आता डावीकडे बघ. दक्षिणेला, पावसाच्या पडद्यामागे.

ते दिसतं ते. राखाडी ठोकळा, शेजारी उंच बारीक चिमणी.

भारतातलं पहिलं अणुवीज केंद्र १९६९ पासून तिथे उभं आहे. दोन अणुभट्ट्या. इथून त्याचा काही आवाज येत नाही, काही चमकत नाही, हिरवा किरण वगैरे बाहेर पडत नाही. कॉमिकातली प्रयोगशाळा पान फाडून बाहेर येईल असं वाटतं, आणि खरी तिथे गोदामासारखी गप्प उभी आहे. आत काय चालतं, ते गुरुजींनी वर्गात फळ्यावर काढून दाखवलंय: अणू फुटतो, उष्णता निघते, पाणी उकळतं, वाफेने चाक फिरतं, वीज होते, आणि वाफ पुन्हा गार करायला शेजारी हा अख्खा समुद्र. तुला तेव्हा जरा वाईट वाटलं होतं. एवढं करून शेवटी पाणीच उकळायचं? मला मात्र वाटतं, तिथलं सगळ्यात अद्भुत तेच आहे. चुलीवर आधण ठेवणाऱ्या कुठल्याही बाईला ते यंत्र समजावून सांगता येतं.

पाऊस वाढला, घरी चल.

सात वाजले आणि वीज गेली. जोराचा पाऊस लागला की ती जातेच. आजीने कंदील लावला, काच पदराने पुसली. पडवीत घासलेटचा वास, ओल्या भिंतीचा वास, चुलीत घातलेल्या ओल्या लाकडाचा धूर. शेजारची दोन मुलं पोतं डोक्यावर घेऊन पळत आली, कारण तुझ्याकडे फ्लॅश गॉर्डन आलाय ही बातमी तुझ्याआधी पोचलीय.

काढ आता पोटाशी धरलेलं. उघड आणि नाक घाल.

हाच तो वास. वर्तमानपत्राच्या कागदाचा, शाईचा, बुरशीचा. पोटाच्या घामाचा. आधी वाचणाऱ्यांपैकी कुणीतरी जेवताना वाचलंय, त्या सुकटीचा. पिना गंजल्यात आणि मधल्या पानावर त्यांचे दोन तांबडे डाग उमटलेत. कागद खालच्या कोपऱ्यात मऊ झालाय, कापडासारखा, शेकडो अंगठ्यांनी. रंग खरंच सरकलेत, पण कुणी मुद्दाम सरकवलेले नाहीत. आकाशाचा निळा रॉकेटच्या पोटात शिरलाय आणि फ्लॅशच्या गालाचा गुलाबी हवेत राहिलाय. त्याच्या सोबतिणीच्या, डेलच्या, नाकात कुणीतरी शाईने नथ काढलीय. चांगली सुबक नथ, मोत्यांसकट. त्यांच्या शास्त्रज्ञ मित्राच्या, डॉक्टर झार्कोव्हच्या, कपाळाला गंध.

हळू उलट. ही चित्रं मुळात परदेशी वर्तमानपत्रांत रोज एकेक पट्टी अशी येतात आणि इथे कापून-जोडून त्यांची पानं करतात. म्हणून मधेच एखादी उडी वाटते. वेताळाच्या जंगलाचं नाव मूळ इंग्रजीत 'बंगाली' होतं. इथे कुणाचा गैरसमज नको म्हणून त्याचं 'डेंकाली' केलं. एवढी काळजी घेऊन कुणीतरी ही गोष्ट तुझ्यापर्यंत पोचवलीय.

आणि हे रॉकेट बघ, शेपटाला कल्ले असलेलं. अ‍ॅलेक्स रेमंड यांनी फ्लॅश गॉर्डन काढायला घेतला १९३४ मध्ये, पुढे दुसऱ्या चित्रकारांनी चालवला. म्हणजे तुझ्या मांडीवर पसरलेलं हे भविष्यसुद्धा ४५ वर्षांचं आहे. आजी तेव्हा नुकती सासरी आली होती. तुला त्याचा जुनेपणा कळत नाही. उद्याचं म्हणूनच वाचायला घे.

मोठ्याने वाच. आजी तांदूळ निवडत बसलीय, तिलाही ऐकायचंय.

"डोक्यावर घागर का पालथी घातलीय त्यांनी?"

"तिथे हवा नाही, आजी."

"मग तोंड कसं धुतात?"

शेजारचा मोठा मुलगा सांगतो, तिथे तोंड धूत नाहीत. आजीला ते पटत नाही. ती सुपातला एक खडा वेचून बाजूला टाकते. "आणि खातात काय? इतकी पानं झाली, कुणी ताटावर बसलेलं दिसलं नाही. त्या पोरीला कुणी विचारलं का, जेवलीस का म्हणून?"

पानं मागे उलटून बघ. खरंच आहे. लढाई आहे, कैद आहे, सुटका आहे, दुसरा ग्रह आहे. जेवण कुठेच नाही.

गुरुजी वाटेने जाताना थांबले, छत्री मिटून पायरीवर टेकले. कॉमिक हातात घेऊन त्यांनी दोन पानं पाहिली आणि परत दिलं. चेहरा वाकडा केला नाही. पाच वर्षांपूर्वी, १९७४ मध्ये, मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत नारायण विनायक जगताप नावाच्या कुणा माणसाच्या कृष्णविवरावरच्या कथेला पहिलं बक्षीस मिळालं, आणि मागाहून कळलं की ते खुद्द जयंत नारळीकर, आद्याक्षरं उलटी करून लिहिणारे. हे त्यांनी इतक्या आनंदाने सांगितलं की जणू ते स्वतः त्या गुपितात सामील होते. "एवढा मोठा शास्त्रज्ञ गोष्टी लिहितो," ते म्हणाले, "आपल्या भाषेत." मग आभाळाकडे बघत उठले.

आता ते शेवटचं असलेलं पान. रॉकेटचं इंधन संपलंय, खाली अनोळखी समुद्र आहे, डेलचा हात फ्लॅशच्या खांद्यावर, आणि फुग्यात तीन टिंबं. उलट.

मागचं मुखपृष्ठ.

पडवीत कुणी बोलत नाही. मग एकदम सगळे बोलतात. धाकट्याने हा अंक म्हणे हिंदीत वाचलाय, शेवटी ते पक्ष्यांवर बसून सुटतात. मोठ्याला वसाहतीतल्या मित्राने इंग्रजीतून सांगितलंय, पक्षी नाहीत, पाण्याखाली शहर आहे. धाकटा रडकुंडीला येतो. त्याला पक्षी दिसले आहेत, त्याच्या डोळ्यांत ते स्पष्ट दिसतायत.

दहा वाजता बाहेर चल. अख्खी आळी अंगणात आहे. पावसाने उघडीप दिलीय, ढग मात्र हटलेले नाहीत. माणसं मान वर करून उभी आहेत, लहान मुलं कडेवर पेंगतायत. कुणी बॅटरीचा झोत आभाळाकडे मारतं, जणू स्कायलॅबला वाट दाखवायची आहे. बेडूक ओरडतायत, समुद्र दुरून धडधडतोय. दक्षिणेच्या ढगांवर केंद्राच्या दिव्यांची पिवळट झाक आहे. तेवढाच उजेड. कुणीतरी म्हणतं, "आली!" सगळी आळी श्वास रोखते. वीज चमकलेली असते, साधी, पावसातली.

अकराला आजी म्हणते, "पडली असेल कुठेतरी. चला झोपायला."

पडली होतीच. इथल्या कुणालाही न दिसता. तिचे तुकडे हिंदी महासागरात आणि ऑस्ट्रेलियाच्या रानात विखुरले. ते सकाळी रेडिओ सांगेल. आत्ता तुला झोप येत नाहीये. येणार कशी? वरून एक पडतंय, हातात एक पडतंय, आणि दोन्हींचा शेवट दिसलेला नाही.

कंदिलाची वात थोडी वर कर. गणिताच्या वहीतलं मधलं पान काढ, चौकटींचं. शाईपेन आहे, लाल पेन्सिल आहे. रेषांच्या चौकटी आधीच छापलेल्या असल्यामुळे सोपं जाईल.

काढ. रॉकेट पडतं चिंचणीच्या समुद्रात, उधाणाच्या भरतीला. होड्या ओढायचा जाड दोर टाकून लोक ते किनाऱ्याला ओढतात, वीस माणसं, तोंडं काढायला जागा नाही म्हणून नुसत्या टोप्या. काचेच्या हंड्या उतरतात. आजी भाकरी देते, त्यावर सुकट. डेलच्या नाकातली नथ विसरू नकोस. फुग्यात लिही: जेवलीस का? लाल पेन्सिल रेषेबाहेर गेली तरी चालेल, आत्तापर्यंतच्या पानांवरही रंग गेलेलेच आहेत.

सकाळी स्वयंपाकघरातून भाताची चार शितं घे. बोटाने चोळ, पान चिकटव, वर पाटा ठेव. सातच्या मराठी बातम्या होईपर्यंत वाळेल. मामा पहिल्या एस.टी.ने बोईसरला निघालाय, त्याच्याबरोबर पळ.

पत्र्याच्या शेडखाली मालक आत्ता कुठे सुतळ्या ताणतोय. तो कॉमिक घेतो, सवयीने पानं चाळतो, फाटलंय का बघतो, आणि शेवटी त्याचा अंगठा जाड, खरखरीत कागदावर थांबतो.

"हे काय?"

तो वाचतो. ओठ हलवत वाचतो, एकेक चौकट. पाऊस तिरका झालाय आणि प्लॅस्टिकचा कागद ओढायचं त्याच्या लक्षात नाही.

"बरं, जेवले," तो म्हणतो. "पण परत कसे गेले? इंधन तर संपलं होतं ना?"

मागे बघा म्हणून सांग.

तो पान उलटतो. मागच्या बाजूला राखाडी ठोकळा आहे, उंच चिमणी आहे, तिथून निघालेली एक लांब नळी रॉकेटच्या शेपटाला जोडलीय, आणि सगळं चित्र वाफेने भरून गेलंय. वाफ काढायला अर्धी पेन्सिल संपलीय. गुरुजी छत्री हलवून टाटा करतायत.

मालक बराच वेळ बघतो. मग खिशाचं बॉलपेन काढतो, मुखपृष्ठाच्या कोपऱ्यावरच्या 'नाही'वर आडवी रेघ मारतो, शेजारी 'आहे' लिहितो, आणि कॉमिक पहिल्या सुतळीवर, अगदी पुढे, टांगतो.